वाचवलेलं वजन

दर शनिवारी दुपारी आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वजन व्हायचं. गाडी अजून जोडलेली नव्हती. नुसते भाग होते: चाकं, मोटारी, बॅटरी, कॅमेरा, माझी भट्टी. ज्याचा भाग त्यानं तो स्वतः उचलून काट्यावर ठेवायचा आणि आकडा स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणायचा. दुसऱ्यानं वाचायचा नाही. ही रीत सरांनी घालून दिली होती. ते म्हणायचे, "आकडा दुसऱ्यानं सांगितला की माणूस भांडतो. स्वतः सांगितला की गप्प बसतो."

मला ती रीत फार आवडायची. वर्गात बोलताना माझा आवाज घशातच राहतो, पण काट्यासमोर उभी राहिले की तो बाहेर यायचा. आकड्याला उच्चार चुकायची भीती नसते. आणि मला वाटायचं, इथे तरी न्याय आहे. कोणाचे वडील कोण आहेत, ते काट्याला कळत नाही.

आता हे सगळं लिहिताना मला आधी थोडी माहिती द्यावी लागेल. मी जबलपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा नागपूरकडून इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामाला आले, आणि त्याच कारखान्यात बाबा टर्नर आहेत. टर्नर म्हणजे लेथवर धातू फिरवून त्याला आकार देणारा. आम्ही महाराजपुरात राहतो. घरात मराठीच बोलतो, पण आमची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली आहे. ती मराठीवाल्यांसमोर बोलायची मला लाज वाटते आणि हिंदीवाल्यांना ती मराठीच वाटते.

सर सिविल लाइन्सचे. त्यांचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत कधीतरी इकडे आलं आणि मग वकील, मास्तर, अधिकारी असं होत इथेच राहिलं. सर स्वतः तरुणपणी दक्षिणेत गेले, अंतराळयानं बनवणाऱ्या संस्थेत लागले, आणि शेवटची बरीच वर्षं दुसऱ्या ग्रहांकडे जाणाऱ्या मोहिमा सांभाळत होते. निवृत्त झाल्यावर परत आले आणि आमच्या कॉलेजात आठवड्यातून दोनदा यायला लागले. त्यांनी मला "काका म्हण गं" असं दोनदा सांगितलं होतं. मला ते कधी जमलं नाही. बाबा त्यांना साहेब म्हणतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत होते. गणपतीत मराठी मंडळात त्यांचं भाषण होतं. ते म्हणाले होते की मोहिमेच्या व्यवस्थापकानं यानाला एकदाही हात लावायचा नसतो, पण त्यातल्या प्रत्येक स्क्रूचं वजन त्याला माहीत असावं लागतं. प्रश्न विचारा म्हटल्यावर कोणी उठेना, आणि कसं कोण जाणे, मी उठले. मी विचारलं, "मग तुम्ही दिवसभर करता काय?"

सगळे हसले. सर हसले नाहीत.

"मी नाही म्हणतो," ते म्हणाले. "दिवसभर माझ्याकडे लोक काहीतरी मागायला येतात. कोणाला जास्त वजन हवं, कोणाला जास्त वीज, कोणाला आणखी सहा महिने. मी नाही म्हणतो. शेवटी जे उरतं ते यान असतं."

घरी येऊन मी सांगितलं की मला हे काम करायचं आहे. बाबा जेवत होते. ते म्हणाले, "मॅनेजर? आमच्या कारखान्यातला मॅनेजर बी काहीच नाही करत. त्याच्यासाठी एवढं शिकावं लागते का बेटा?"

आई म्हणाली, "बोलू द्या ना तिला."

"मी कुठं अडवून राहिलो? होऊ दे. पण मग चार्जशीट कोणाला देशील? मंगळावरच्या दगडाला?"

ते चिडवत होते, पण अगदीच चिडवत नव्हते. कारखान्यात मॅनेजर हा शब्द कोणी प्रेमानं घेत नाही. बाबांना दोनदा चांगल्या सेक्शनमधून काढून खराब मशिनीवर टाकलं, दोन्ही वेळा हेच सांगून, की तुम्ही समजूतदार आहात, बाकीचे तमाशा करतील. बाबा हे सांगताना मॅनेजरच्या आवाजात सांगतात. आम्ही हसतो.

तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजनं विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. परग्रहावर चालेल अशी छोटी गाडी बनवायची. गाडी मैदानात, आणि चालवणारे बंद तंबूत. त्यांना गाडी दिसत नाही आणि त्यांचा हुकूम तिला मुद्दाम उशिरा पोहोचवतात, कारण खऱ्या ग्रहावर तो उशिराच पोहोचतो. गाडीचं एकूण वजन ठरलेलं. एक ग्रॅम जास्त झालं की स्पर्धेबाहेर. सर आमचे मार्गदर्शक झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीचं वजन पंगतीत वाढल्यासारखं सगळ्यांना वाटून दिलं. चाकांना एवढं, बॅटरीला एवढं, कॅमेऱ्याला एवढं. थोडं स्वतःकडे राखून ठेवलं. "हे कोणालाही मिळणार नाही," म्हणाले, "आणि शेवटी सगळ्यांना लागेल."

माझ्या वाट्याला भट्टी आली. गाडीच्या पोटाखाली एक लहानशी वाटी, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. तिच्यात चिमूटभर माती पडायची, खालून तार तापायची, आणि मातीत ओल असेल तर तिची वाफ वरच्या सेन्सरला कळायची. माती किती ओली, एवढंच सांगणारं यंत्र. पण दुसऱ्या ग्रहावर पहिला प्रश्न तोच असतो, असं सर म्हणाले, आणि मी त्या वाक्यावर कितीतरी आठवडे जगले.

वाटी स्टीलची हवी होती. हे मी घरी सांगितलं आणि बाबा पहिल्यांदा माझ्या अभ्यासात आले. आतापर्यंत माझ्या पुस्तकांकडे ते देवघराकडे बघावं तसे बघायचे, लांबून. आता म्हणाले, "नक्शा दाखव." ड्रॉइंगला कारखान्यात नक्शाच म्हणतात. बघितला, बोटानं माप लावलं, आणि रविवारी मला स्कूटरवर बसवून गोहलपुरला घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीच्या माणसाचं खरादचं, म्हणजे लेथचं, दुकान आहे. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर बाहेर ठेवून लोखंडी पत्र्यांमधून तिरकं चालत जावं लागतं. दुकानवाला बाबांना म्हणाला, "भैया, छुट्टी के दिन भी चैन नहीं?" बाबा म्हणाले, "बिटिया का काम है. मंगल पे जाएगा." तो म्हणाला, "अच्छा? तो फिर चाय मँगाता हूँ."

बाबांना मशिनीवर काम करताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. कारखान्यात घरच्यांना नेत नाहीत. ते वेगळेच दिसत होते. ओठ आत घेतलेले, डोळे बारीक. स्टीलचा चमकता कीस गुंडाळ्या होऊन खाली पडत होता आणि त्यांच्या चपलेवर साचत होता. वाटी झाली तेव्हा ती त्यांनी पुसून माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती.

"आता वरून हत्ती जाऊ दे," बाबा म्हणाले.

शनिवारी मी ती काट्यावर ठेवली आणि माझ्याच तोंडानं म्हटलेला आकडा मला खरा वाटेना. माझ्या वाट्याच्या दुपटीच्या जवळ होता. बाबांनी भिंत नक्शापेक्षा जाड ठेवली होती. कारखान्यात जन्म गेलेला माणूस. तिथे हलकी वस्तू म्हणजे कोणीतरी माल चोरलेली वस्तू. मापात थोडं जास्त ठेवणं म्हणजे इमान, असंच ते शिकले आहेत.

"भट्टीवाली, ये तो तोप का गोला है!" कॅमेरेवाला म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले.

कॅमेरेवाला आमच्या वर्गातला. त्याचे वडील शहरातले मोठे डॉक्टर. तो वाईट मुलगा नाही, हे मला लिहायलाच हवं. समोसे आणायचा, सगळ्यांना द्यायचा, मला "मॅडमजी" म्हणून चिडवायचा. स्पर्धेला गाडी आणि आम्हाला न्यायला जी मोठी व्हॅन लागणार होती ती त्याचे वडील देणार होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी बाबांना सांगणं मला फार अवघड गेलं. मी दोन दिवस मनात घोळवत राहिले. शेवटी सांगितलं की वाटी छान आहे, पण जड आहे, पातळ करावी लागेल.

"काहून? जड आहे तं टिकते."

"बाबा, वजनाची मर्यादा आहे. सगळ्यांनाच आहे."

"सगळ्यांनाच?"

"हो. सगळे काट्यावर ठेवतात."

पुढच्या रविवारी पुन्हा गोहलपुर. यावेळी चहा आला नाही, दुकानात गर्दी होती. पातळ स्टील मशिनीवर धरलं की थरथरतं. पहिली वाटी कापता कापता फाटली. दुसरी केली. दुसरीची भिंत इतकी पातळ झाली की उजेडात धरल्यावर ती कागदासारखी वाटायची आणि कडेला बोट लावलं तर बोचायची. बाबा म्हणाले, "ही वस्तू नाही, वस्तूचं साल आहे." पण केली त्यांनी. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी एवढी पातळ वस्तू पहिल्यांदाच केली असेल, आणि त्यांना ती आवडली नव्हती.

काट्यावर ती माझ्या वाट्यापेक्षा कमी भरली. मी आकडा म्हटला आणि सर म्हणाले, "बघा. असं काम करायचं." उरलेले ग्रॅम त्यांनी आपल्या राखीव वजनात घेतले. मी त्या दिवशी घरी चालत गेले असते तरी चाललं असतं, इतकी खूश होते.

त्यानंतर दर शनिवारी हेच व्हायला लागलं. मी तारेचं वेष्टण बदललं, सेन्सरची पट्टी कापली, दोन स्क्रूंच्या जागी एक केला. दर वेळी थोडं वाचायचं, दर वेळी ते सरांच्या राखीव खात्यात जायचं, आणि दर वेळी सर म्हणायचे, बघा. कॅमेऱ्याचा आकडा मात्र दर शनिवारी वाढत होता. कॅमेऱ्याला उंच खांब हवा होता, खांब डुलायचा, म्हणून तो जाड केला, मग खालची मोटार लहान पडली, ती मोठी घेतली. कॅमेरेवाला आकडा हसत हसत, मोठ्यानं म्हणायचा. सरांचं ते वाक्य त्याच्या बाबतीत खोटं ठरलं होतं. स्वतः आकडा सांगूनही तो गप्प बसायचा नाही. तो म्हणायचा, "सर, बिना आँख के गाड़ी क्या करेगी?" आणि सर राखीव वजनातून त्याला द्यायचे.

मला हे दिसत होतं. पण काय दिसतंय, ते तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं की माझं वजन राखीव खात्यात सुरक्षित आहे, बँकेत असल्यासारखं.

शेवटच्या वजनाला राखीव संपलं होतं. गाडी पूर्ण जोडून मोठ्या काट्यावर ठेवली. आकडा मर्यादेच्या वर गेला. सर बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग खाली वाकून, गाडीच्या पोटाकडे बघत म्हणाले, "भट्टी काढू."

कॅमेरेवाला माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. मी पाना घेतला आणि भट्टी काढली. एकच स्क्रू होता, मीच दोनाचा एक केलेला. पटकन निघाली. गाडी पुन्हा काट्यावर ठेवली आणि ती बसली मर्यादेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या गाडीसाठी होत्या, मला कळतं. पण माझ्या हातात तेव्हा भट्टी होती.

चार दिवसांनी मी सरांच्या घरी गेले. सिविल लाइन्समध्ये मी नेहमी हळू चालते. तिथे फाटकं लांब असतात आणि आपण चुकून कोणाच्या आवारात शिरू असं वाटतं. सर व्हरांड्यात बसले होते. चहा आला. मी काय विचारायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, ते सगळं विसरले आणि एवढंच म्हटलं, "सर, माझं काय चुकलं होतं?"

"काही नाही," ते लगेच म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

"वजनात होतं."

"वजनाच्या आत होतं. तूच तर एकटी होतीस आत."

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटतं, त्यांना माझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्यांना अजूनही मान देते. ते म्हणाले, "तुला हे काम करायचं आहे ना? मग ऐक. कॅमेरा कापला असता तर तो भांडला असता. त्याचे वडील प्राचार्यांकडे गेले असते. व्हॅनचं काय झालं असतं ते तू समजू शकतेस. स्पर्धा दोन आठवड्यांवर आहे. वजन कुठून कापायचं हे काटा सांगत नाही, बाळ. तो फक्त किती ते सांगतो. कुठून, ते व्यवस्थापकाला ठरवावं लागतं, आणि तो तिथून कापतो जिथे आवाज कमी होईल."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या एका मोहिमेत एका लहान गावातल्या कॉलेजचं उपकरण होतं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं खपून बनवलेलं. वजनात होतं, वेळेत होतं, चाचण्यांत पास होतं. दुसरं एक उपकरण मोठ्या संस्थेचं होतं, आणि ते दर आढाव्याला जड होत गेलं. शेवटी सरांनी लहान कॉलेजला फोन केला.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, मी समजू शकतो. त्या वर्षी त्यांनी मला आंब्यांची पेटी पाठवली. नेहमी पाठवायचे तशी. त्यानंतर कधी पाठवली नाही."

"आणि मोहीम?"

"मोहीम यशस्वी झाली," सर म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या आवाजात एकदम माया आली. म्हणाले, "तू फार समजूतदार आहेस. या कामाला तुझ्यासारखीच माणसं लागतात. बंगळुरूला एक लहान कंपनी आहे, चंद्रावर उतरणाऱ्या यानांसाठी उपकरणं करते. मी त्यांना सल्ला देतो. पुढच्या वर्षी त्यांच्या मोहीम-विभागात शिकाऊ जागा निघेल. मी तुझं नाव सुचवीन."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण समजूतदार हा शब्द मी घरी इतक्यांदा ऐकला होता, मॅनेजरच्या आवाजात, की तो ऐकून मला आधी बाबांची खराब मशीन आठवली.

"सर, एक मागू?" मी म्हटलं. "आत्ता जे मला सांगितलंत ते शनिवारी सगळ्यांसमोर सांगाल का? की माझं बरोबर होतं."

ते खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "त्यानं काय होईल?"

त्यानं काहीच झालं नसतं. शनिवारी ते एवढंच म्हणाले की टीमसाठी काही जणांनी त्याग केला, त्यांचं कौतुक. कॅमेरेवाल्यानं सगळ्यात आधी टाळी वाजवली.

स्पर्धेआधी एक चाचणी झाली, शहराबाहेर बरगीच्या वाटेवर, जिथे काळ्या दगडांची टेकाडं आहेत. सरांनी घरच्यांना बोलावलं होतं. बाबा पहिली पाळी करून आले, इस्त्रीचा शर्ट डब्याबरोबर पिशवीत नेऊन कारखान्यातच बदललेला. भट्टी काढल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले होते. मी तंबूत होते. सरांनी मला हुकूम द्यायच्या खुर्चीवर बसवलं होतं. गाडीला काही सांगण्याआधी प्रत्येकाला विचारायचं असतं, तयार का, आणि एकानं जरी नाही म्हटलं तरी थांबायचं असतं. मी विचारत गेले. चाकं? तयार. बॅटरी? तयार. कॅमेरा? "एकदम तैयार, मॅडमजी." पूर्वी त्यानंतर भट्टीचं नाव असायचं. तिथे माझी जीभ क्षणभर अडखळली, मग मी पुढे गेले. गाडी चालली. कॅमेऱ्यानं फार सुंदर चित्रं पाठवली, हे मी मान्य करते. खांब जाड असल्यामुळे एकही चित्र हललेलं नव्हतं.

तंबूबाहेर आले तेव्हा बाबा आणि सर बोलत उभे होते. बाबांनी हात मागे बांधले होते, साहेबांसमोर बांधतात तसे.

"साहेब," बाबा विचारत होते, "आमच्यात काय जास्त झालं होतं?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "तुमचं अगदी बरोबर होतं."

"पातळ केलं होतं आम्ही. दोनदा."

"माहीत आहे. फार छान काम होतं. मुलगी तुमची गुणी आहे, समजूतदार आहे."

बाबा म्हणाले, "अच्छा."

परत येताना स्कूटरवर मी मागे बसले होते. आधारतालच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते पुढे बघतच म्हणाले, "समजावतात बी त्यालाच, बेटा, जो समजून घेते. दुसऱ्याला समजावायला कोणी जात नाही." सिग्नल सुटला. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

स्पर्धेत आम्ही मधेच कुठेतरी आलो. व्हॅन छान होती.

या वर्षी बंगळुरूच्या कंपनीची मुलाखत झाली. व्हिडिओवर होती, इंग्रजीत. मी महिनाभर आरशासमोर बोलून तयारी केली होती. आतल्या खोलीत खुर्ची ठेवली, मागे भिंतीवर काही दिसू नये म्हणून आईनं चादर लावली. बाबा बाहेर स्कूटर पुसत होते, दार उघडं होतं. दोन माणसं आणि एक बाई, तिघेही चांगले बोलत होते. पहिले प्रश्न बरे गेले. मग त्या बाईंनी विचारलं, वजनाच्या मर्यादेमुळे घ्यावा लागलेला एखादा अवघड निर्णय सांगाल का?

मी सांगायला लागले. म्हटलं, आमची गाडी मर्यादेबाहेर गेली होती. एक उपकरण काढावं लागलं. ते नीट चालत होतं, वजनातही होतं. पण कॅमेऱ्याशिवाय मोहीम झाली नसती, वेळ कमी होता, आणि टीम तुटून चालणार नव्हती. म्हणून आम्ही ते काढलं.

त्या पुढे झुकल्या. "आणि ज्यानं ते बनवलं होतं? त्याला तुम्ही कसं सांभाळलंत?"

खरं सांगायचं तर मी काही विचार करून बोलले नाही. जे तोंडात होतं ते बाहेर आलं. मी म्हटलं, "ती समजूतदार होती. तिनं समजून घेतलं."

तिघांनीही माना हलवल्या. एकानं काहीतरी लिहून घेतलं. माझं उत्तर त्यांना आवडलं होतं, हे स्क्रीनवरूनही कळत होतं. मुलाखत संपली आणि मी तशीच चादरीसमोर बसून राहिले. माझा आवाज मला ऐकू येत होता. तो अजिबात अडखळला नव्हता.

बाहेर आले तर बाबांच्या हातात फडकं होतं. त्यांना इंग्रजी नक्शापुरतं येतं. वजन, माप, स्टील, एवढे शब्द.

"वाटीचं सांगून राहिली होती का त्यांना?"

"हो."

"आपण केली, असं सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

म्हटलं, "तसा प्रश्न नव्हता बाबा."

"अच्छा," ते म्हणाले आणि आरसा पुसायला लागले. सरांसमोर म्हणाले होते, तोच अच्छा होता.

जागा मिळाली. सरांचा फोन आला, ते फार खूश होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं." मी त्यांचे आभार मानले, आणि ते आभार खोटे नव्हते. हे काम मला शाळेपासून हवं आहे. आताही हवं आहे. दुसरा रस्ता मला कोणी दाखवलेला नाही, आणि हा ज्यांनी दाखवला त्यांनी त्याच्या शेवटी काय असतं तेही लपवलं नाही. जुलैत मला निघायचं आहे.

ती वाटी आईनं केव्हाच मागून घेतली होती. गंजत नाही म्हणून तिच्यात कुंकू ठेवलं आहे. बातमी कळली त्या संध्याकाळी तिनं मला देवासमोर उभं केलं आणि वाटीत बोट घातलं.

"हळू," बाबा दारातून म्हणाले. "कड पातळ आहे. लागते."